मधुमेही मुलाचें आजारपण आणि किटोनची परीक्षा

आरोग्यविषयक पाठ

ध्यानांत ठेवण्याचें वाक्य : मूल जेवो अथवा न जेवो, त्याचें इन्सुलिन सर्वस्वी बंद करूं नये, आणि आजारपणांत किटोन तपासल्यावांचून राहूं नये.



पावसाळा सुरू झाला म्हणजे गांवोगांवीं ताप, खोकला, हगवण आणि वांति ह्यांची सांथ येते. बहुतेक मुलें दोन-चार दिवस अंथरुणावर पडून पुन्हां अंगणांत खेळूं लागतात. परंतु ज्या मुलास मधुमेह आहे त्याची गोष्ट निराळी. साधा ताप त्याला एका रात्रींत मरणाच्या दारीं नेऊं शकतो. आणि पुष्कळदां त्या संकटास तापापेक्षां घरच्या माणसांनीं मायेपोटीं केलेली एक गोष्टच अधिक कारण होते. "लेंकरूं कांहीं खात नाहीं, मग आज सुई नको," असें म्हणून इन्सुलिन बंद ठेवणें, ही ती गोष्ट होय. असें कां करूं नये, आणि त्याऐवजीं काय करावें, हें ह्या पाठांत क्रमानें पाहूं. ज्या घरीं वाचतां येणारें कोणी नाहीं, तेथें गांवच्या शिक्षकानें हा पाठ मोठ्यानें वाचून दाखवावा, व शेवटचे प्रश्न विचारून घरच्या माणसांस तो समजला कीं नाहीं हें पाहावें.

१. हा रोग कोणता?

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. प्रौढ माणसांत आढळतो तो बहुधा दुसरा प्रकार. त्यांत शरीर इन्सुलिन तयार करितें, पण तें पुरेसें लागू पडत नाहीं, व पुष्कळांचें गोळ्यांवर भागतें. मुलांस होतो तो बहुतकरून पहिला प्रकार. आपल्या पोटांत स्वादुपिंड नांवाची ग्रंथि आहे. तिच्यांत इन्सुलिन तयार करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा ह्या रोगांत शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ति नाश करिते. मग इन्सुलिन बाहेरून सुईनें द्यावें लागतें. तेंहि रोज आणि जन्मभर. हा प्रकार गोड खाल्ल्यानें होत नाहीं, आईबापांच्या कांहीं चुकीनें होत नाहीं, एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं, आणि झाडपाल्यानें अथवा गंडादोऱ्यानें जात नाहीं.

इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वीं अशीं मुलें कांहीं महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावत. कॅनडा देशांतील टोरांटो शहरीं १९२१ सालीं फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनीं प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून तें काढलें. ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या, हाडांचा सांपळा झालेल्या एका मुलास पहिली सुई देण्यांत आली. त्याची रक्तांतील शर्करा कांहींशी उतरली, परंतु मूत्रांतील किटोन गेलें नाहीं. तेव्हां जेम्स कॉलिप ह्या रसायनशास्त्रज्ञानें तो अर्क अधिक शुद्ध केला, आणि ता. २३ जानेवारीपासून सुया पुन्हां सुरू झाल्या. ह्या खेपेस शर्करा तर उतरलीच, पण किटोनहि नाहींसें झालें. औषध खरोखर गुणकारी आहे ही खात्री त्या वैद्यांस ज्या खुणांवरून पटली, त्यांत किटोन नाहींसें होणें ही एक मोठी खूण होती. मरणास टेकलेला तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला; १९३५ सालीं न्युमोनियानें त्याचा अंत झाला. त्या वैद्यांनीं पाहिलेली ती खूण आज कोणत्याहि आईला आपल्या घरीं, एका कागदी पट्टीवर, एका मिनिटाच्या आंत पाहतां येते.

२. किटोन म्हणजे काय?

समजा, एका घरीं सरपणानें खोली भरलेली आहे, पण खोलीला कुलूप आहे आणि किल्ली हरवली आहे. चूल तर पेटलीच पाहिजे. मग घरचीं माणसें छपराचे वासे काढून चुलींत घालूं लागतात. चूल पेटते, पण घर खचत जातें, आणि ओल्या लांकडाच्या धुरानें सगळ्यांचा जीव गुदमरतो.

रक्तांतील शर्करा हें शरीराचें सरपण. इन्सुलिन ही किल्ली. किल्ली नसली म्हणजे शर्करा रक्तांत सांचून राहते, पेशींस ती मिळत नाहीं, आणि शरीर स्वतःची चरबी जाळूं लागतें. ह्या चरबीच्या जळण्यापासून जे पदार्थ उत्पन्न होतात त्यांस किटोन म्हणतात. तोच तो धूर. किटोन थोडें असल्यास शरीर तें खपवितें. पण इन्सुलिनच्या अभावीं तें वाढतच जातें, रक्त आंबट होतें, म्हणजे त्यांत आम्ल सांचतें, आणि शरीरांतील पाणी व क्षार मूत्रावाटे निघून जातात. ह्या अवस्थेला डॉक्टर लोक 'डीकेए' म्हणतात. वेळीं उपचार न झाल्यास मूल बेशुद्ध होऊन दगावतें. हें सगळें घडण्यास कित्येकदां बारा तासहि लागत नाहींत.

३. मूल जेवत नाहीं, तरी शर्करा कां वाढते?

आजारी मुलाच्या घरीं सासू-सुनेचें बोलणें बहुधा असें चालतें :

"अगं, पोरीनें सकाळपासून भाकरीचा तुकडा मोडला नाहीं, मग सुई कशाला टोंचतेस?"

"आत्याबाई, साखर कांहीं जेवणांतूनच येते असें नाहीं. तापांत ती अंगांतूनच निघते. सुई बंद केली तर ती तशीच सांचेल, अन् पोरगी आणखी बिघडेल."

सुनेचें म्हणणें खरें आहे. ताप आला किंवा कोठें पू झाला, म्हणजे शरीर त्या रोगाशीं झुंजण्यासाठीं कांहीं रस रक्तांत सोडतें. हे रस यकृताकडून सांठवलेली शर्करा बाहेर काढवितात, नवी तयार करवितात, आणि इन्सुलिनचा जोर कमी करितात. म्हणून मुलानें अन्नाचा कण घेतला नसला तरी तापांत त्याची शर्करा तीनशेंवर गेलेली आढळते. आणि इन्सुलिन नेहमींपेक्षां कमी नव्हे, तर बहुधा अधिक लागतें.

तथापि सासूबाईंचें भय अगदींच निराधार आहे असें नाहीं. हगवण आणि वांति ह्यांच्या आजारांत अन्न अंगीं लागत नाहीं, तेव्हां शर्करा कधीं कधीं फार उतरतेहि. आजारपणांत शर्करा वर जाईल कीं खालीं, हें मुलाच्या तोंडाकडे पाहून कोणास सांगतां यावयाचें नाहीं. ह्याच कारणास्तव तपासणी पाहिजे.

४. तपासणी कशी व केव्हां करावी?

मूल आजारी पडल्याबरोबर, म्हणजे ताप, वांति, हगवण, पोटदुखी अथवा फार मरगळ दिसतांच, बोटाच्या थेंबावरून शर्करा तपासावी, आणि ती कितीहि असली तरी किटोनहि तपासावें. मूल चांगलें असतांना देखील शर्करा २५० मिलिग्रॅमच्या वर जाऊन तशीच राहिली, तर किटोन पाहावें. पुढें शर्करा दर दोन ते चार तासांनीं आणि किटोन दर चार तासांनीं, किटोन जाईपर्यंत, पाहत राहावें. रात्रींहि खंड पडूं देऊं नये. आईनें आणि बापानें पाळी लावून उठावें. मूल गाढ झोंपलें आहे म्हणून सकाळपर्यंत थांबणें धोक्याचें आहे, कारण ती झोंप कीं गुंगी हें तपासल्यावांचून कळत नाहीं.

किटोन तपासण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला, मूत्राची पट्टी. ताजें मूत्र स्वच्छ भांड्यांत धरावें. पट्टीचें टोंक त्यांत बुडवून लगेच काढावें, कडेवर टेकून जादा थेंब झाडावा, आणि डबीवर जितके सेकंद लिहिले असतील तितकेच मोजावे. कांहीं पट्ट्यांस पंधरा सेकंद लागतात, कांहींस अधिक. मग चांगल्या उजेडांत डबीवरील रंगांशीं ताडून पाहावें. फिकट पिवळसर रंग म्हणजे किटोन नाहीं. गुलाबी म्हणजे अल्प. तो जांभळ्याकडे जितका झुकेल तितकें किटोन अधिक. लंगोट वापरणाऱ्या तान्ह्या मुलाच्या लंगोटांत स्वच्छ कापसाचा बोळा ठेवून तो पट्टीवर पिळतां येतो. डबीचें झांकण घट्ट लावावें, पट्टीच्या टोंकास ओला हात लावूं नये, आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. कारण दमट हवेनें पट्ट्या खराब होतात व खोटें उत्तर देतात.

दुसरा मार्ग, रक्तांतील किटोन मोजण्याचें यंत्र. ह्याच्या पट्ट्या महाग असतात व खेड्यांत सहसा मिळत नाहींत. परंतु ज्यांस परवडतें त्यांनीं त्या जवळ ठेवाव्या, कारण रक्त त्या घटकेची स्थिति सांगतें. मूत्र मूत्राशयांत सांचून राहिलेलें असतें, म्हणून तें कांहीं तासांमागची गोष्ट सांगतें. शिवाय मूत्राची पट्टी किटोनचा एकच प्रकार दाखविते. रक्तांत जो प्रकार सर्वांत अधिक वाढतो तो तिला दिसत नाहीं. त्यामुळें मूल सुधारूं लागलें तरी मूत्राची पट्टी कांहीं वेळ जांभळीच राहते. शर्करा उतरत आहे, मूल ताजेंतवानें दिसतें आहे, आणि केवळ पट्टी रंगीत आहे, एवढ्यावरून सुईवर सुई देत जाऊं नये.

५. आकड्यांचा अर्थ

रक्तांतील किटोनचे आकडे मिलिमोलमध्यें असतात. ते असे वाचावे :

०.६ पेक्षां कमी : काळजी नाहीं. आजार असेतों तपासत राहावें.

०.६ ते १.५ : किटोन वाढूं लागलें आहे. मूत्राच्या पट्टीवर हें साधारणपणें 'अल्प' दिसतें. पाणी आणि इन्सुलिन ह्यांकडे तत्काळ लक्ष द्यावें; दोन तासांनीं पुन्हां तपासावें.

१.५ ते ३ : धोका आहे. पट्टीवर साधारणपणें 'मध्यम'. डॉक्टरांशीं लागलीच बोलावें. दोन-तीन तासांत उतार न पडल्यास रुग्णालयांत जावें.

३ व त्याहून अधिक : पट्टीवर साधारणपणें 'अधिक' किंवा गडद जांभळें. आतां घरीं थांबूं नये, तसेंच निघावें.

६. इन्सुलिन

इन्सुलिन दोन कामें करितें. एक काम जेवणांतील शर्करेचें. दुसरें काम, जेवण असो वा नसो, चरबी जळूं न देण्याचें. ज्या मुलांस दिवसांतून एकदां किंवा दोनदां लांबणीचें इन्सुलिन आणि जेवणापूर्वीं जलद इन्सुलिन असें वेगवेगळें मिळतें, त्यांचें लांबणीचें इन्सुलिन वेळच्या वेळीं दिलेंच पाहिजे. शर्करा फार उतरत असल्यास डॉक्टर त्याची मात्रा कमी करण्यास सांगतील. पण कमी करणें निराळें आणि बंद करणें निराळें. जेवणाचें जलद इन्सुलिन मूल किती खातें हें पाहून द्यावें. वांति होत असल्यास मुलाच्या पोटांत अन्न टिकतें असें दिसल्यावर दिलें तरी चालतें.

खेड्यांतील पुष्कळ मुलें मिश्र इन्सुलिनवर असतात. तें बाटलींत दुधासारखें दिसतें, व त्यांत जलद आणि सावकाश असे दोन्ही प्रकार एकत्र असतात. त्यांतला एक भाग सोडून दुसरा देतां येत नाहीं. म्हणून अशा मुलाच्या आईबापांनीं, मूल चांगलें असतांनाच, डॉक्टरांकडून लिहून घ्यावें कीं, मूल न जेवल्यास किती युनिट द्यावें आणि जवळ वेगळें जलद इन्सुलिन कोणतें ठेवावें.

शर्करा २५० च्या वर आणि किटोनहि वाढलेलें असें दोन्ही असेल, तर जादा जलद इन्सुलिन लागतें. तें किती हें मुलाच्या डॉक्टरांनींच ठरवावयाचें; साधारणपणें तें दिवसाच्या एकंदर मात्रेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतें. म्हणजे ज्या मुलास दिवसभरांत सर्व मिळून ३० युनिट लागतात, त्यास ३ युनिट. पहिल्या सुईचा परिणाम पाहिल्यावांचून दुसरी देऊं नये. दोन सुयांत किमान दोन तास, आणि साधें रेग्युलर इन्सुलिन असल्यास चार तास जाऊं द्यावे.

कधीं कधीं किटोन असतें पण शर्करा कमीच असते. पोट रिकामें असल्यामुळें हें होतें. अशा वेळीं जादा इन्सुलिन देऊं नये. आधीं गोड पेय पाजून शर्करा वर आणावी, आणि मग नेहमींचें इन्सुलिन द्यावें.

येथें एक सावधगिरीची सूचना. आपल्या देशांत इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्यें ४० युनिटची आणि १०० युनिटची. ४० च्या बाटलीस ४० चीच सिरिंज वापरावी, तिचें टोपण लाल असतें. १०० च्या सिरिंजचें टोपण नारिंगी असतें. ह्यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट अधिक किंवा अडीच पट कमी पडते. आजारपणाच्या धांदलींत दुसरें कोणी सुई देत असेल, तर हें त्याला अवश्य सांगावें.

७. पाणी आणि अन्न

किटोन धुऊन काढण्यास पाणी पाहिजे. मुलास तासाला निदान एक लहान पेला, म्हणजे सुमारें १०० मिलिलिटर, पाणी पोटांत जाईल असें करावें. वांति होत असल्यास एकदम पेला तोंडास लावूं नये. दर पांच मिनिटांनीं एक-दोन चमचे द्यावे.

शर्करा १८० च्या वर असेल तेव्हां बिनसाखरेचें द्यावें : उकळून गार केलेलें पाणी, मीठ-जिरें घातलेलें पातळ ताक, मीठ घातलेलें लिंबूपाणी, मुगाच्या डाळीचें पाणी. शर्करा १८० च्या खालीं असेल तेव्हां साखर घातलेलें लिंबूसरबत, तांदळाची पेज किंवा नारळपाणी द्यावें, म्हणजे इन्सुलिन देतां येतें आणि शर्करा अति उतरत नाहीं. हगवण असल्यास ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यांत कालवून द्यावी. "त्यांत साखर आहे, मधुमेह्यास कशी चालेल?" असें पुष्कळ लोक विचारतात. एक लिटर ओआरएसमध्यें १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतें. म्हणजे एका २०० मिलिलिटरच्या पेल्यांत तीन ग्रॅमहि नाहीं. हगवणीनें पाणी सुटलेल्या मुलास त्यापासून होणारा लाभ हानीपेक्षां फार मोठा आहे.

तापाचें औषध डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेनें द्यावें. तें गोड आहे म्हणून चुकवूं नये. आजाराचें मूळ कारण शोधून त्याचाहि उपचार करावा. ताप मलेरियाचा आहे, डेंग्यूचा आहे, कीं घशाचा आहे, हें तपासून घ्यावें.

८. शर्करा फार उतरली तर

शर्करा ७० च्या खालीं गेली, किंवा मुलास घाम सुटला, हातपाय कांपूं लागले, तें भलतेंच बोलूं लागलें, तर ताबडतोब साखरेचें पाणी पाजावें. मोठ्या मुलास चहाचे तीन चमचे साखर, लहानास एक-दोन. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें व जरूर तर पुन्हां द्यावें. मूल बेशुद्ध असेल किंवा त्यास झटके येत असतील, तर तोंडांत पाणी अथवा सरबत ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जाईल. त्याला कुशीवर निजवावें. घरीं ग्लुकॅगॉनची सुई असल्यास ती द्यावी, आणि तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

९. रुग्णालयांत केव्हां न्यावें?

पुढीलपैकीं एकहि गोष्ट दिसल्यास रात्र आहे, पाऊस आहे, पैसे नाहींत, असा विचार करीत बसूं नये :

दोन तासांहून अधिक वेळ वांति थांबत नाहीं, व पोटांत पाणीहि ठरत नाहीं.
श्वास खोल आणि जलद चालला आहे, किंवा श्वासास पिकलेल्या फळासारखा वास येतो.
पोट फार दुखतें.
मूल गुंगींत आहे, हांक मारली तरी नीट जागें होत नाहीं.
जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले.
जादा इन्सुलिन देऊनहि किटोन उतरत नाहीं, अथवा ३ च्या वर आहे.
गोड पाजूनहि शर्करा ७० च्या वर येत नाहीं.
मूल पांच वर्षांच्या आंतलें आहे आणि वांति करितें आहे.

महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. जेथें मुलावर उपचार चालतात तें रुग्णालय, नाहींतर जवळचें ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गांठावें. पोंहचतांच पहिलें वाक्य असें बोलावें : "मुलाला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि किटोन आलें आहे." कारण खोल श्वास पाहून न्युमोनिया, आणि पोटदुखी पाहून आंत्रपुच्छाचा दाह, असा समज होणें शक्य असतें. वाटेंत एखाद्या दवाखान्यांत शर्करा तपासल्यावांचून सलाईनची बाटली लावून घेऊं नये. तीत ग्लुकोज असूं शकतें, आणि अशा मुलांस द्रव किती वेगानें द्यावा हें मोजूनच ठरवावें लागतें.

ज्या मुलास मधुमेह आहे हें कोणास ठाऊकच नाहीं, त्याच्याविषयींहि दोन शब्द सांगणें जरूर आहे. मूल एकाएकीं फार पाणी पिऊं लागलें, वारंवार लघवीस जाऊं लागलें, अंथरुणांत न भिजवणारें मूल पुन्हां भिजवूं लागलें, लघवीस मुंग्या लागूं लागल्या, आणि भूक असून अंग झडूं लागलें, तर जंत झाले किंवा दृष्ट लागली असें समजून बसूं नये. त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेऊन एक थेंब रक्त तपासून घ्यावें.

१०. एका रात्रीचें उदाहरण

वरील गोष्टी हातीं कशा उतरतात हें पाहण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. दहा वर्षांची मुलगी. दिवसाचें एकंदर इन्सुलिन २४ युनिट, पैकीं १२ युनिट लांबणीचें रात्रीं. डॉक्टरांनीं कागदावर लिहून दिलें आहे कीं, शर्करा २५० च्या वर आणि किटोन असल्यास २ युनिट जलद इन्सुलिन जादा द्यावें, व तीन तासांनीं पुन्हां पाहावें.

रात्रीं आठ वाजतां ताप आला, एकदां वांति झाली, जेवण नाहीं. शर्करा ३१०, मूत्रांत किटोन अल्प. आईनें लांबणीचें १२ युनिट नेहमींप्रमाणें दिलें, कागदाप्रमाणें २ युनिट जलद दिलें, आणि मीठ घातलेलें लिंबूपाणी चमच्यानें सुरू केलें. अकरा वाजतां शर्करा २६०, किटोन अल्पच, वांति नाहीं. पुन्हां २ युनिट. दोन वाजतां बापाची पाळी : शर्करा १७०, किटोन अगदीं थोडें. आतां जादा सुई नाहीं. उलट साखर घातलेली पातळ पेज वाटीभर पाजली. पांच वाजतां शर्करा १५०, पट्टी फिकट. सकाळीं डॉक्टरांस फोन करून सर्व आंकडे वाचून दाखविले.

आतां ह्याच मुलीची दुसरी रात्र मनांत आणा. अकरा वाजतां पट्टी गडद जांभळी झाली आहे, आणि आठपासून चार वेळां वांति झाली आहे. ह्या ठिकाणीं कागद बाजूस ठेवून गाडी बोलवावी. उजाडल्यावर पाहूं, असें म्हणण्याची ती वेळ नव्हे.

११. आधींची तयारी

आजार आल्यावर सामान शोधूं नये. एक डबा भरून ठेवावा : शर्करा मोजण्याचें यंत्र व पट्ट्या, किटोनच्या पट्ट्या, इन्सुलिन व योग्य सिरिंजा, तापमापक, ओआरएसच्या पुड्या, साखर, वही व पेन्सिल, आणि डॉक्टरांनीं सही करून दिलेला आजारपणाचा कागद. वहींत प्रत्येक वेळची शर्करा, किटोन, इन्सुलिन, किती पाणी प्यालें व किती वांत्या झाल्या हें लिहावें. शेजारच्या कोणाची गाडी रात्रीं मिळेल हें आधींच ठरवून ठेवावें.

न उघडलेलें इन्सुलिन थंड जागीं, २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावें. परंतु गोठूं देऊं नये, गोठलेलें फेंकून द्यावें. ज्या घरीं फ्रीज नाहीं किंवा वीज वरचेवर जाते, तेथें एका पसरट मडक्यांत ओली वाळू घालून त्यांत लहान मडकें ठेवावें, व लहान मडक्यांत झांकणाच्या डबींत बाटली ठेवावी. वाळू रोज ओली करावी. सावलींत व वाऱ्यावर ठेवलेलें असें मडकें उन्हाळ्यांतहि बाटलीचें उष्णतेपासून चांगलें रक्षण करितें. वापरांत असलेली बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांनीं टाकावी, मग तीत थोडें उरलें असलें तरी. इन्सुलिन उष्णतेनें बिघडलें असेल तर सुई वेळच्या वेळीं देऊनहि किटोन येतें. म्हणून कारण सांपडत नसेल तेव्हां नवी बाटली उघडून पाहावी.

मुलाच्या शाळेंतील शिक्षकांस ह्या रोगाची माहिती द्यावी, आणि मूल कळतें झाल्यावर त्यासहि पट्टी वाचण्यास शिकवावें. सात-आठ वर्षांचें मूल रंग ताडून पाहूं शकतें, आणि "आई, आज पट्टी गुलाबी झाली" असें सांगतें. तें सांगतांच त्यास न रागावतां लगेच पाणी द्यावें व शर्करा तपासावी, म्हणजे तें पुढच्या वेळींहि लपविणार नाहीं.

उजळणीचे प्रश्न

१. तापांत मूल जेवलें नाहीं तरी त्याची शर्करा कां वाढते?
२. सरपणाच्या दृष्टांतांत किल्ली कोणती, वासे कोणते आणि धूर कोणता?
३. मूत्राची पट्टी पाहतांना कोणत्या तीन गोष्टी संभाळाव्या?
४. मूल सुधारत असतांनाहि मूत्राची पट्टी रंगीत कां राहते?
५. किटोन आहे पण शर्करा कमी आहे. आधीं काय द्याल?
६. मिश्र इन्सुलिनवर असलेल्या मुलाच्या आईबापांनीं डॉक्टरांकडून आधींच काय लिहून घ्यावें?
७. लाल टोपणाची व नारिंगी टोपणाची सिरिंज ह्यांत भेद काय?
८. कोणत्या खुणा दिसल्यास रात्रींच निघाल? रुग्णालयांत पहिलें वाक्य कोणतें बोलाल?
९. आपल्या गांवांत मधुमेही मूल आहे काय? असल्यास त्याच्या घरीं किटोनच्या पट्ट्या व डॉक्टरांचा कागद आहे कीं नाहीं, हें ह्या आठवड्यांत जाऊन पाहा.